चिपच्या पाठीवरचा आकडा

विदोसावाच्या दुकानात शिरलं की उजव्या हाताला एक डगमगती खुर्ची आहे. ती माझी. आमच्या निश शहरातला रेडिओ कारखाना बंद पडला तेव्हापासून मी रोज सकाळी त्या खुर्चीत बसून तिची कॉफी पितो आणि तिला सल्ले देतो. सल्ला तिने आजवर एकदाही मागितलेला नाही. कारखान्यात ती रेडिओचे सूर जुळवायच्या विभागात होती आणि मी लाकडी खोकी करायच्या, तेव्हा तिच्या कामातलं मला किती कळतं ते सांगायला नको. पण बावीस वर्षं एकाच फाटकातून आत गेलेल्या माणसांना एकमेकांच्या कामात नाक खुपसायचा हक्क असतो, असं माझं मत आहे. तिचं मत वेगळं आहे.

खुर्ची पूर्वी दुसऱ्या बाजूला होती. पुढे सांगतो त्या मे महिन्याच्या तीन वर्षं आधी एका सकाळी मी आलो तर ती इकडे आणून ठेवलेली. "का गं?" म्हटलं, तर म्हणाली, "तिथे उजेड अडवतोस." मी कुरकुरतच इकडे बसलो. दुकानदाराशी आणि बायकांशी फर्निचरवरून वाद घालू नये, आणि विदोसावा, आमची विदा, दोन्ही आहे.

तिचं काम म्हणजे बिघडलेल्या यंत्रांचे मेंदू दुरुस्त करणं. बेकरीच्या भट्ट्या, लिफ्ट, दूध थंड करायच्या टाक्या, काय वाटेल ते. शिवाय हौशी मंडळी येतात. "प्रोग्रॅमर कुठला घेऊ?" हा त्यांचा प्रश्न ऐकला की विदाचं डोकं फिरतं. प्रोग्रॅमर म्हणजे इथे माणूस नव्हे. चिपमध्ये प्रोग्रॅम भरायची ती काडेपेटीएवढी डबी, एका अंगाने कॉम्प्युटरला जोडायची आणि दुसऱ्या अंगाला चिप बसवायची. एकदा एक मधमाश्या पाळणारा आला, त्याला पोळ्याचं वजन आपोआप मोजायचं होतं.

"चिप कुठली?" विदाने विचारलं.

"ते अजून ठरवलं नाही."

"कॉम्प्युटर कुठला?"

"मुलाचा आहे."

"म्हणजे नवरी ठरली नाही, आणि तू बँडवाल्याला बयाणा द्यायला निघालास होय? आधी चिप ठरव. मग त्या चिपला ओळखणारं सॉफ्टवेअर शोध. मग त्या सॉफ्टवेअरचं जिच्याशी पटतं ती डबी घे. आणि ते सगळं मुलाच्या कॉम्प्युटरवर चालतं का ते बघ. चौघांचं पटलं तर संसार, नाहीतर भंगार. जा आता."

तो बिचारा कॉफीही न पिता गेला.

तिची स्वतःची डबी तिने कारखान्याच्या दिवसांत हाताने बनवलेली, साबणाच्या डबीत. ती एकाच म्हाताऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते, ज्याच्या पाठीला प्रिंटरची रुंद खाच अजून शाबूत आहे. त्यावर चालणारं सॉफ्टवेअरही तसंच, करड्या चौकटींचं, बघून झोप यावी असं. तिच्या साठीला मी तिला एक नवी डबी आणून दिली. लाल, चकचकीत, बाहेरून मागवलेली, बिलं करायच्या तिच्या लॅपटॉपला सरळ जोडता येणारी. तिने माझ्या गालाचं चुंबन घेतलं, आभार मानले, आणि डबी खणात टाकली. खण बंद झाल्याचा आवाज मला लागला, हे कबूल करतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवी चिप दुकानात आली की विदा कॉफीसुद्धा बाजूला ठेवायची. चिप साबणाच्या डबीत बसवून तिच्यातला एक आकडा वाचायची, तो नखाएवढ्या चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी चिपच्या पाठीवर चिकटवायची. माझी बायको शरद ऋतूत आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्यांवर तारखा चिकटवते, अगदी तसं. मी विचारलं तेव्हा तिने समजावलं होतं. या स्वस्त चिपांच्या पोटात एक बारीक घड्याळ असतं. कुणाचं पुढे पळतं, कुणाचं मागे रेंगाळतं. चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रत्येकीचा फरक मोजून तो आकडा तिच्या मेमरीच्या शेवटच्या खणात लिहून ठेवतात, आणि प्रोग्रॅम तो वाचून घड्याळ सरळ करतो. आकडा पुसला गेला तर पुन्हा कुठे मिळत नाही. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बाईचा नेम आहे, असू दे.

तर त्या मे महिन्यात, दहा-बारा वर्षांपूर्वी, सोमवारी संध्याकाळी वीज कडाडली आणि अर्ध्या शहराचे दिवे गेले. मंगळवारी सकाळी आठला झागोर्काचा फोन.

झागोर्का माझी कुमा, मी तिचा कुम. तिच्या लग्नात तिच्या नवऱ्याच्या, तिहोमीरच्या, शेजारी साक्षीला उभा राहिलो तो मी, तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलं ते मी. आमच्याकडे सख्ख्या भावाला एकवेळ नाही म्हणता येतं, कुमाला नाही. तिहोमीर जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याने प्लायवूडचं मोठं कपाट करून त्यात अंडी उबवायचं यंत्र बनवलं होतं, आणि त्याचा मेंदू विदाने केला होता. तो गेल्यावर यंत्र बंदच होतं. त्या वसंतात झागोर्काने दोन्ही गायी विकून त्यात आठशे टर्कीची अंडी लावली. हे तिला मीच सुचवलं होतं. एकट्या बाईला गायींपेक्षा टर्की सोप्या, असं मी म्हणालो होतो. सांगितलं ना, मी सल्ले देतो.

"कुम," ती म्हणाली, आणि मग तिला पुढे बोलवेना. "पंखा बंद, दिवा बंद, आकड्यांच्या पट्टीवर काही दिसत नाही. आज तेविसावा दिवस आहे. आत पिल्लं तयार आहेत."

"मग यंत्र हाताने चालव ना, गरम राहील."

"चालवलं. वरचा ट्रे एक्केचाळीसवर गेला आणि खालचा गारच. पंख्याशिवाय शिजतील ती. मी बंद केलं. शेजारणी बाटल्यांत गरम पाणी भरून आणतायत, वर गोधड्या घातल्यात. तिहोमीर म्हणायचा, शेवटच्या आठवड्यात तिसाच्या खाली गेली की संपलं. ये तू. लवकर ये."

मी गाडी काढली, चाळीस मिनिटांत गावात, यंत्राचा मेंदू, म्हणजे तो चिपचा बोर्ड, उचलला, परत फिरलो. दहा वाजता विदाच्या टेबलावर ठेवला. येताना न्याहारीला चीज भरलेलं बुरेक घेतलं होतं, पण कुणी हात लावला नाही.

विदाने भिंग लावलं. जळका भाग काढला, नवा जोडला, सुई फिरणाऱ्या मीटरने इकडे तिकडे टोचून पाहिलं. अर्ध्या तासाने म्हणाली, "बाकी सगळं झालं. चिप मेली."

"मग दुसरी लाव."

"एकच आहे. काल संध्याकाळी पोस्टाने आली आणि तेवढ्यात वीज गेली." तिने छोटी प्लॅस्टिकची नळी दाखवली. आत आठ पायांची काळी चिप, कीटकासारखी. "आधी आकडा वाचायचा, मग भरायची."

म्हाताऱ्या कॉम्प्युटरने सुरू होता होताच हटवादीपणा केला. अचानक वीज गेल्यामुळे तो आता आपलं सगळं पोट तपासत बसला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, अकरा टक्के.

"थांबव ते."

"थांबवलं तर उठणारच नाही. उठेल. वीस मिनिटं."

माझा मोबाइल वाजला. "छत्तीस," झागोर्का म्हणाली. यंत्रात पारा अडतीसच्या जवळ हवा असतो.

"विदा, लाल डबी आहे ना? लॅपटॉप चालू आहे. दोन मिनिटांचं काम."

"तिचं सॉफ्टवेअर या चिपला ओळखत नाही."

"यादीत नाव आहे. तूच दाखवलं होतंस."

"नाव आहे, पण पुढे दिवा पिवळा आहे. हिरवा नाही. पिवळा म्हणजे बनवणाऱ्यांनी स्वतःच नीट तपासलेलं नाही. ओळखीचा आहे म्हणून प्रत्येकाला घरात घेतोस का तू? आणि ते आकडा कुठे ठेवतं, राखतं की पुसतं, मला माहीत नाही. साबणाच्या डबीचं माहीत आहे."

"तोवर अंडी गार होतील!"

"ल्युबिंको, ओरडू नकोस. प्रोग्रॅमची सीडी वर घरात आहे. घेऊन येते, तोवर हे तपासून होईल." दारात ती वळली. "चिपला हात लावू नकोस. तिच्या पाठीवर अजून चिठ्ठी नाही."

तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि विदाचे गुडघे. पडद्यावर एकोणीस टक्के. मोबाइल वाजला. "पस्तीस. बाटल्या कमी पडतायत, कुम. शेजारची स्लाव्हीत्सा स्वतःची अंथरुणं घेऊन आली."

आता मी काय केलं ते सांगतो, आणि कुणी मला मूर्ख म्हणालं तर आधीच मान्य. मी खण उघडला. लाल डबी लॅपटॉपला लावली. प्रोग्रॅम माझ्याकडे नव्हता, पण इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून मला एवढं ठाऊक होतं की भरण्याआधी चिप पुसतात. म्हटलं, निदान पुसून तरी ठेवू, तेवढाच वेळ वाचेल. चिप बसवली. यादीत नाव आलं, पुढे पिवळा दिवा. "पुसा" असं बटण होतं. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. एका सेकंदात झालं. मला इतका आनंद झाला की मी बुरेकचा तुकडा तोंडात टाकला.

विदा धापा टाकत आली तेव्हा म्हातारा कॉम्प्युटर उठला होता. तिने चिप उचलून साबणाच्या डबीत बसवली आणि करड्या चौकटीतला शेवटचा खण वाचला. बराच वेळ वाचला. तिथे आकडा नव्हता.

"तू पुसलीस?"

"रिकामी करून ठेवली," मी म्हणालो. तोंडात घास होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली, भिंग काढलं आणि डोळे चोळले. मला कारखान्याचा शेवटचा दिवस आठवला. तेव्हाही ती अशीच बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"दुसरी कधी येईल?" मी विचारलं.

"बेलग्रेडहून. उद्या दुपारी."

"अंदाजाने एखादा आकडा घाल ना. चालेलच की."

"आज चालेल. यंत्र गरम झालं की घड्याळ आणखी सरकेल, मग चिपला तापमान मोजायची काडी नीट वाचता येणार नाही. पट्टीवर तीस दिसेल आणि आत बेचाळीस असेल. रात्रभर ते गरमच करत राहील. गार झालेली निदान काही वाचतील. शिजलेली एकही नाही."

"मग मोजून काढ. तुझं ते कंपनं मोजायचं यंत्र..."

"ते कालच्या विजेत गेलं."

मोबाइल वाजला. माझे हात बुरेकच्या तेलाने बरबटलेले, म्हणून विदाने उचलला. "चौतीस? ऐक, झागोर्का. माझ्या हातून एक चूक झाली. नवी चिप मी पुसून बसले. तासभर दे मला. अंडी हलवू नकोस, फक्त झाकून ठेव." आणि तिने फोन ठेवला.

माझ्या हातून, म्हणाली ती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती भिंतीवरच्या जुन्या फोनकडे, गोल तबकडीच्या, जो तिने बिल भरून उगाचच चालू ठेवलाय असं मी कैकदा म्हटलं होतं.

"तो लागतो का बघ."

"कुणाला लावायचाय?"

"कुणालाच नाही. उचल, आणि आवाज येतो का सांग."

मी रिसीव्हर कानाला लावला. नेहमीचा आवाज, एक छोटा, एक लांब, छोटा, लांब. लहानपणापासून ऐकलेला.

"तो चारशे पंचवीस आहे," विदा म्हणाली. "सेकंदाला चारशे पंचवीस कंपनं. कारखान्यात वीज गेली की आम्ही त्यावरच मोजमाप करायचो. टेलिफोनवाले तेवढं एक काम चोख करतात." ती म्हाताऱ्या कॉम्प्युटरकडे वळली होती. "मी चिपमध्ये एक चिमुकला प्रोग्रॅम भरते. ती फक्त तेवढाच सूर वाजवेल. तिचं घड्याळ बरोबर असलं तर दोन्ही सूर एक होतील. या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्याची चौकट आहे, हाताने लिहिता येतो. शून्यापासून त्रेसष्टपर्यंत. तुझी लाल डबी ती चौकट दाखवतच नाही."

तिने दहा मिनिटांत तो प्रोग्रॅम टाइप केला. मी घड्याळाकडे बघत होतो. मधल्या काळात एक बाई इस्त्री घेऊन आली, तिला मी अक्षरशः ढकलून बाहेर काढलं.

विदाने चिपला बटणाएवढा भोंगा जोडला. आकडा बत्तीस. भोंगा गुणगुणू लागला. तिने रिसीव्हर डाव्या कानाला लावला, भोंगा त्याच कानाजवळ धरला, आणि डोळे मिटले. मी वाट पाहिली. तिने आकडा बदलला, पुन्हा भरलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. तिच्या कपाळावर घाम होता.

"काय झालं?"

"मला कळत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ऐकू येत नाही, ल्युबिंको! उजवा कान तीन वर्षांपूर्वी गेला. डाव्याने आवाज येतो, पण दोन सुरांमधली लाट आता पकडता येत नाही. सगळं एकच घोंघावतं." तिने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तू ऐक."

बावीस वर्षं निशमधल्या जवळजवळ प्रत्येक रेडिओचा सूर या बाईच्या कानाने जुळवलेला होता. आणि मी तीन वर्षं तिच्या डाव्या बाजूला बसून उजेडाबद्दल कुरकुरत होतो. मला काय वाटलं ते लिहायला शब्द सापडत नाहीत. लाज म्हणणं फार थोडं होईल.

"मी सुतार आहे," मी म्हणालो.

"तू लग्नांत अकॉर्डियन वाजवतोस. अकॉर्डियनच्या दोन पट्ट्या एकमेकींशी भांडायला लागल्या की तुला कळतं ना? वाव-वाव-वाव होतं ना?"

"होतं."

"मग तेच. भांडण सगळ्यात सावकाश कुठे होतं ते सांग. पूर्ण थांबणार नाही, आकड्यांच्या पायऱ्या मोठ्या आहेत. फक्त सगळ्यात सावकाश."

मोबाइल वाजला. "तेहतीस," झागोर्का म्हणाली. मी "हो" म्हणालो आणि फोन बंद करून टाकला. कुमाचा फोन बंद केला, आयुष्यात पहिल्यांदा.

बत्तीसला भोंगा स्पष्ट खाली होता, लाट नव्हतीच, दोन वेगळे सूर. चाळीस, तरी खालीच. अठ्ठेचाळीसला वर गेला. "मागे," मी म्हणालो. मधेच फोनचा आवाज तुटून भराभर टूं-टूं करू लागला. नंबर न फिरवता किती वेळ धरून बसणार? खटका दाबून पुन्हा सोडला. पुन्हा छोटा, लांब. लाट फक्त लांब आवाजात पकडता येत होती, आणि तो संपायच्या आत ऐकून घ्यायचं. रस्त्यावरून ट्रक गेला की सगळं पुन्हा.

"चव्वेचाळीस," विदा म्हणाली.

"भांडतायत. सेकंदाला तीन-चारदा."

"सेहेचाळीस."

"तेवढंच. नाही, थोडं कमी. थांब." खटका. छोटा, लांब. "कळत नाही, विदा!"

"कळतं तुला. घाई नको. पंचेचाळीस."

मी डोळे मिटले. प्लायवूडचं ते कपाट दिसत होतं, वर गोधड्या, आणि आत आठशे. मी श्वास धरला. लांब आवाज आला, भोंगा त्याच्या शेजारी आला, आणि दोघे जवळजवळ एक झाले. एक मोठी लाट आली, उतरली, आणि पुढची यायच्या आत आवाज संपला.

"पंचेचाळीस," मी म्हणालो.

"पुन्हा ऐक."

पुन्हा ऐकलं. शेजारच्या दोन्ही आकड्यांवर ऐकलं. सहा वेळा. "पंचेचाळीस, आईची शपथ."

तिने सीडी घातली, झागोर्काच्या यंत्राचा खरा प्रोग्रॅम उघडला, चौकटीत पंचेचाळीस लिहिलं आणि चिप भरली. बोर्डावर बसवली. तापमानाची काडी तिने तळहातात धरली. पट्टीवर आकडे उमटले, ते हळूहळू चढत चौतीसावर थांबले. मग काडी काखेत धरली, साडेछत्तीस. ती हसली नाही. तिने चिठ्ठ्यांची पट्टी काढली, पेन माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "तू लिही. तुझ्या अक्षरात." मी लिहिलं, आणि चिपच्या पाठीवर मीच चिकटवलं.

दीड वाजता आम्ही दोघं गावात पोचलो. शेजारणी अंगणात चुलीवर पातेली ठेवून बसल्या होत्या. काचेचा पारा एकतीसवर होता. विदाने बोर्ड बसवला, पंखा फिरला, पट्टी जागी झाली. पट्टीवर एकतीस, पाऱ्यावर एकतीस. कपाटासमोर आम्ही चार तास उभे राहिलो. पट्टी आणि पारा जोडीने चढत गेले. सदतीस ओलांडल्यावर हीटर आपणहून बंद झाला, तो टक् असा आवाज ऐकून झागोर्का जमिनीवर बसली आणि रडू लागली.

पण आतली पिल्लं जिवंत होती का, हे कुणालाच माहीत नव्हतं. अंडं बाहेरून सारखंच दिसतं. दिव्यासमोर धरून बघायची तर आता पिल्लू इतकं मोठं झालेलं की नुसता काळोख. झागोर्का म्हणाली, शुक्रवारी कळेल. कवच फोडण्याच्या आदल्या दिवशी ती आतून बोलतात.

बुधवार आणि गुरुवार मी झोपलो नाही. बायको म्हणाली, तू अंड्यावर बसल्यासारखा बसतोस. शुक्रवारी सकाळी विदाने दुकान बंद केलं, जे ती फक्त तिच्या स्लाव्हाच्या, म्हणजे घराण्याच्या संताच्या, दिवशी करते, आणि माझ्या गाडीत येऊन बसली.

झागोर्काने दार उघडलं. मी तिथेच उंबऱ्यावर म्हणालो, "कुमा, चिप विदाने नाही पुसली. मी पुसली."

"माहीत आहे," झागोर्का म्हणाली. "विदा कशी पुसेल? आत या, थंडी येते."

खोलीत पंखा घुमत होता. झागोर्काने वरच्या ट्रेमधून एक अंडं काढून विदाच्या हातात दिलं, कारण यंत्राचा मेंदू तिचा, मान तिचा. विदाने ते डाव्या कानाला लावलं आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. तिने अंडं कानाला दाबलं, मान तिरकी केली, पुन्हा ऐकलं. झागोर्का तिच्या तोंडाकडे बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडत चालले होते.

मग विदाने अंडं माझ्यापुढे धरलं. हळू आवाजात विचारलं, "बोलतंय का रे?"

मी ते कानाला लावलं. कोमट होतं. पंखा, बाहेर कुठेतरी कुत्रा, माझ्याच कानातलं रक्त. दुसरं काही नाही. मी श्वास धरला, त्या दिवशी धरला होता तसा. काही नाही. मी दुसरा कान बोटाने बंद केला. आणि मग आतून, कवचाला टेकून, टोकदार, चिडका, बारीक आवाज. एकदा. पुन्हा. त्याला ट्रेमधल्या दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं, आणि मग कपाटभर सगळीकडून.

"बोलतंय," मी म्हणालो.

विदा माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणालास? उजवीकडे उभा आहेस, मला काही ऐकू येत नाही."

मी तिच्या डाव्या बाजूला गेलो, कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "बोलतायत, विदा! सगळी बोलतायत!"